दहा मिनिटांचा दम

मित्रांनो, मी गाडीच्या डिकीत राहणारा, चाकांत हवा भरणारा एक स्वस्तातला कॉम्प्रेसर आहे. वय वर्षं तीन. तुमच्यात या वयाला बालवाडीत घालतात, आमच्यात भंगारात. माझ्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं की मी कोणत्याही चाकात हवा भरू शकतो. माझ्या पोटाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं आहे की मला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ सलग चालवू नये. पहिली ओळ सगळ्यांनी वाचली. दुसरी आजवर एकाच माणसाने वाचली.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला नक्की सांगता येणार नाही. तिथे मला चार सेकंद चालवून पाहिलं. आवाज आला, म्हणून पास झालो. बाहेरच्या परीक्षा एवढ्या सोप्या नसतात हे हैदराबादच्या राणीगंज बाजारात आल्यावर कळलं. तिथून मला केदारने उचललं.

केदार मूळचा पुण्याचा. बारा वर्षांपूर्वी कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी हैदराबादला आला आणि कुकटपल्लीत स्थिरावला. मनाने फार चांगला माणूस. सुरुवातीला त्याने माझं कौतुकही खूप केलं. गाडीची चारी चाकं, शेजाऱ्यांच्या स्कूटर, सोसायटीतल्या मुलांचे फुटबॉल, सगळ्यांत मी फुंकलो. मग नव्याची नवलाई संपली आणि आठ महिने मी एका ओल्या छत्रीखाली पडून होतो. तक्रार करत नाही, नोंद करतो. केदारमध्ये खोट म्हणावी तर एकच. कुठलंही काम काढलं की तो आधी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ बघतो, आणि एकदा व्हिडिओ बघितला की आजूबाजूला बघत नाही.

आता त्या रविवारचं सांगतो.

केदारची बायको सुप्रिया. वय बेचाळीस. गेल्या वर्षी तिने घटकेसरच्या पुढच्या माळावरच्या सायकल शर्यतीत नाव दिलं होतं. तो रस्ता खडीचा आणि बाभळीच्या काट्यांचा. बाराव्या किलोमीटरला तिचं पुढचं चाक पंक्चर झालं. सहा किलोमीटर ती सायकल ढकलत चालली आणि शेवटी संयोजकांच्या टेम्पोत, पाण्याच्या रिकाम्या जारांशेजारी बसून परत आली. त्यावर ती कुणाशी काही बोलली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला उठायला लागली आणि वर्षभर उठत राहिली.

यंदा चाक पंक्चर होऊ नये म्हणून केदारने तिला ट्यूबलेस टायर आणले. प्रेमानेच आणले. पण ते बसवायला घेतले शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी, हैदराबादमधल्याच नल्लकुंट्याला, सासऱ्यांच्या घरी. मागचा टायर पहिल्याच झटक्यात बसला. त्या आनंदात त्याने दोन्ही जुन्या ट्यूबा कापून सासूबाईंच्या गुलाबांना काठीशी बांधायच्या पट्ट्या करून दिल्या. आता परतीची वाट उरली नव्हती, आणि पुढचा टायर बसत नव्हता.

ट्यूबलेस टायरचं असं असतं, मित्रांनो. आत ट्यूब नाही, म्हणून टायरच्या दोन्ही कडा रिमला गच्च चिकटाव्या लागतात. त्यासाठी हवेचा एकदम मोठा लोट हवा. मी आहे छोटा. मी जेवढी हवा आत ढकलतो तेवढीच ती कडेच्या फटीतून बाहेर निघून जाते. सकाळी केदार चाक घेऊन पेट्रोल पंपावर जाऊन आला. तिथल्या यंत्राने चाकात आधीची हवाच नाही म्हणून नवी भरायला नकार दिला. सायकलची दुकानं अकराला उघडतात. घटकेसरला नोंदणी सव्वानऊला बंद होणार होती, म्हणजे सव्वाआठला निघायला हवं. घड्याळात सव्वासात झाले होते.

बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये केदारने मला गाडीच्या बॅटरीला जोडलं आणि बटण दाबलं. मी घरघरलो. टायर फुसफुसला. माझा काटा शून्यावरून हलला नाही.

शेजारी खुर्ची टाकून सासरे पेपर वाचत होते. त्यांचं नाव वसंतराव. त्यांची माहिती इथेच देतो, कारण घरात ती कुणीच दिली नव्हती. वसंतरावांनी एकतीस वर्षं सरकारी बस डेपोत काढली आणि त्यांतली शेवटची नऊ टायर विभागाचे मुख्य म्हणून. ट्यूबलेस टायर बसमध्ये आले तेव्हा ते बसवायला त्यांनीच माणसं तयार केली. पण लग्न जुळवताना ‘मुलीचे वडील सरकारी नोकरीत होते’ एवढंच सांगितलं गेलं होतं. ते फाइली हलवत असणार असं केदारने धरलं आणि अकरा वर्षांत विचारलं नाही.

मग वसंतराव स्वतःहून का बोलले नाहीत? लग्नाच्या पहिल्याच वर्षी जावयाने आंब्याच्या पेटीला दोरी चुकीची बांधली, तेव्हा ते बोलले होते. त्यांच्या बायकोने, भारतीबाईंनी, त्यांना स्वयंपाकघरात नेऊन बजावलं, “अहो, जावयाला शिकवायचं नसतं. पुण्याला त्यांच्या आईच्या कानावर गेलं तर काय म्हणतील?” तेव्हापासून जावई जे करील ते वसंतराव पेपरवरून बघत. पेटीची दोरी स्टेशनवर सुटली होती, हेही ते कधी बोलले नाहीत.

साडेसात झाले. केदारने टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावलं आणि मला पुन्हा चालू केलं. फेस आला. भरपूर आला. टायर मात्र तसाच लोळत राहिला.

वसंतरावांनी पेपर खाली केला आणि माझ्याकडे रोखून बघितलं.

“काय रे बाबा,” ते मला म्हणाले, “व्हॉल्व्हची पिन आत ठेवून फुंकतोस होय? एवढ्याशा भोकातून हवा जाईल कशी? जरा अक्कल वापर की.”

मित्रांनो, व्हॉल्व्हची पिन काढणं माझ्या हातात नव्हतं. मला हातच नाहीत. पण मी समजलो. हे बोलणं माझ्यासाठी नव्हतं. माझा फक्त पत्ता वापरला होता.

केदार हसला. “स्वस्तातला माल आहे हो बाबा. ह्याच्याकडून काय अपेक्षा करायची?”

आणि पिन तशीच ठेवून त्याने तिसऱ्यांदा बटण दाबलं.

पावणेआठला सुप्रिया खाली आली. हेल्मेट हातात, अंगात नंबर लावायचा पिवळा टी-शर्ट. तिने चाकाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

“होतंय ना रे?”

“होतंय होतंय. दोन मिनिटं.”

“हे तू काल रात्री जेवताना पण म्हणाला होतास.”

“सुप्रिया, प्लीज. मी करतोय ना?”

ती पायरीवर बसली. पायातल्या बुटाची लेस सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. गेल्या वर्षीच्या टेम्पोचं नाव कुणी काढलं नाही. तो टेम्पो जणू पार्किंगमध्येच येऊन उभा होता.

मी आता सलग सहा मिनिटं चालत होतो. माझी कातडी तापली. मग सात. मग आठ. वसंतराव उठले, फाटकापर्यंत गेले आणि परत आले. माझ्याजवळ वाकून म्हणाले, “टायर ढिला आहे बाबा. त्याला मधोमध आवळलं की कडा आपोआप बाहेर जातात. तुला कुणी सांगितलं नाही का?” केदार मोबाईलमधला व्हिडिओ मागे-पुढे करत होता. त्याला ऐकू गेलं नाही.

नऊ मिनिटं. जळक्या रबराचा वास सुटला. तो माझाच होता.

सुप्रिया उठली. हेल्मेट तिने गाडीच्या टपावर ठेवलं. “राहू दे केदार,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी बघू.” तिने हे इतक्या शांतपणे सांगितलं की केदारचा चेहरा पडला.

वसंतरावांनी पेपरची घडी केली. खुर्चीवर ठेवली. चष्मा शर्टाला पुसला.

“केदारराव,” ते म्हणाले, “तुमचं चुकतंय. बाजूला व्हा.”

भारतीबाई उपम्याच्या बशा घेऊन जिन्यात उभ्या होत्या. त्यांच्या हातातले चमचे वाजले. अकरा वर्षांत या घरात असं वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. केदार उठून उभा राहिला. आणि खरंच बाजूला झाला.

वसंतरावांनी आधी माझं बटण बंद केलं. मला उलटं धरलं, चष्म्यातून पोटाखालची बारीक ओळ वाचली आणि म्हणाले, “ह्याला दहा मिनिटांचाच दम आहे. किती वेळ चालवलात?”

“दहा होत आले असतील,” केदार म्हणाला.

“मग आधी गार होऊ द्या.”

“बाबा, आठ वाजले.”

“हौ, वाजू द्या. तो जळाला तर नऊलाही काही होणार नाही.”

असं माझ्या बाजूने आजवर कुणी बोललं नव्हतं. मी गार व्हायचा मनापासून प्रयत्न केला.

तेवढ्यात त्यांनी पकडीने व्हॉल्व्हची पिन काढली. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडून टायरच्या बरोबर मधोमध गुंडाळली. मग वर न बघता म्हणाले, “भारती, लाटणं आण.”

भारतीबाई जागच्या हलल्या नाहीत. “अहो, पण जावयांसमोर...”

“आण म्हटलं ना.”

त्यांनी एकदा सुप्रियाच्या सुटलेल्या लेसकडे बघितलं आणि बशा पायरीवर ठेवून आत गेल्या. येताना एकाऐवजी दोन लाटणी घेऊन आल्या. कुठलं लागेल ते विचारायचा धीर झाला नसावा.

वसंतरावांनी दोरीत लाटणं अडकवलं आणि केदारच्या हातात दिलं. “फिरवा. हल्लू. नक्को, एवढं जोरात नक्को. हं, आता धरून ठेवा.” दोरी आवळली तसा टायर मधे दबला आणि त्याच्या कडा रिमकडे सरकल्या. आठ वाजून आठ मिनिटांनी वसंतरावांनी माझ्या अंगावर तळहात ठेवला, मान हलवली आणि माझी नळी अंगठ्याने व्हॉल्व्हवर दाबून धरली.

“चल,” ते मला म्हणाले. या वेळी ते माझ्याशीच बोलत होते.

मी फुंकलो. फेस उठला. हवा निसटत होती, पण आधीपेक्षा कमी. काटा थरथरला. केदारच्या हातात लाटणं घसरलं आणि त्याने पुन्हा पकडलं. सुप्रिया कधी खाली बसून रिम धरायला लागली ते तिलाही कळलं नसेल. काटा दोनवर आला. तिथेच अडला. माझ्या आत काहीतरी खरवडायला लागलं.

“बाबा, ह्याचा आवाज बदललाय,” सुप्रिया म्हणाली.

“ऐकतोय. आणखी जरासा.”

काटा सहा. नऊ. आणि टायरने बंदुकीच्या बारासारखा एक आवाज केला. पाठोपाठ दुसरा. भारतीबाईंनी कानांवर हात ठेवले. दोन्ही कडा बसल्या होत्या.

वसंतरावांनी लगेच मला बंद केलं आणि व्हॉल्व्हमधून सीलंट, म्हणजे आतून भोकं बुजवणारं पांढरं औषध, ओतून पिन परत लावली. आता चाळीस पौंड हवा भरायची होती. केदारचा हात बटणाकडे गेला. वसंतरावांनी तो हात धरला.

“पाच मिनिटं.”

“बाबा, सव्वाआठ झाले.”

“उपमा खा.”

ती पाच मिनिटं त्या घरातली सगळ्यांत लांब पाच मिनिटं होती. चौघांनी उभ्याने उपमा खाल्ला. कुणाला त्यात मीठ कमी आहे हे कळलं नाही. मग वसंतरावांनी मला चालू केलं. मी खरवडत, खोकत चाळीसला पोचलो. आठ वाजून सव्वीस मिनिटांनी गाडी फाटकाबाहेर पडली. वसंतराव पुढे बसले होते. तो निर्णय कुणी घेतला ते डिकीत मला दिसलं नाही.

नोंदणी बंद व्हायला तीन मिनिटं असताना सुप्रियाने नंबर घेतला. एकोणसत्तर जणांत ती चौपन्नावी आली. तोंडभर धूळ, गुडघ्यावर खरचटलेलं. पण ती आली सायकलवरून. गाडीजवळ येऊन तिने सायकल आडवी केली आणि वसंतराव पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसले. टायरमध्ये तीन काटे रुतले होते. प्रत्येकाभोवती सीलंटचं पांढरं वर्तुळ सुकलं होतं.

केदारने पकड उघडली. काट्याला लावली. मग थांबला आणि मान वळवली.

“बाबा, काढू की राहू देऊ?”

वसंतरावांनी आधी तिन्ही काटे एकेक करून बोटाने चाचपले. इतक्या वर्षांत पहिला प्रश्न आला होता, तो लगेच संपवावा असं त्यांना वाटलं नसावं.

“घरी गेल्यावर काढू,” ते म्हणाले. “तुम्ही काढा, मी भोकावर बोट धरतो.”

मित्रांनो, त्या दिवसापासून माझा आवाज घोगरा आहे आणि चाळीसच्या पुढे माझा काटा जात नाही. तरी आता छत्री माझ्यावर नसते. मी फडक्यात गुंडाळलेला असतो. तुमच्याही डिकीत माझा एखादा भाऊबंद पडला असेल. त्याला एकदा उलटा करून त्याच्या पोटाखालचं वाचा. आणि काम अडलेलं असताना तुमच्या शेजारी कुणी म्हातारा माणूस पेपर धरून बसला असेल, आणि त्या पेपरचं पान अर्ध्या तासात उलटलं नसेल, तर हातातलं बटण सोडून त्याला विचारा.