फणी बापाची, मोटर कूलरची

कडेवरच्या लेकीच्या, रितिकाच्या, इवल्या मुठीतून ओली शेवई सोडवत नंदिनीने तोच प्रश्न तिसऱ्यांदा वाचला.

“मागच्या तीन वर्षांत तुम्ही एखादं नवीन यंत्र किंवा नवी पद्धत वापरात आणली?”

“नाही,” शेवयांच्या कारखान्याचे मालक रुपराव म्हणाले.

त्यांच्या पाठीशी यंत्र घरघरत होतं. शेवयांचे धागे हातमागाच्या फणीतून एकेक वेगळे होऊन उतरत होते, जराही न चिकटता. असं यंत्र नंदिनीने नागपूरच्या अख्ख्या लकडगंजात पाहिलं नव्हतं.

“आणि हे काय मग, काका?”

“हे कुठलं नवीन? फणी माह्या बापाची, मोटर कूलरची.”

“माह्या कूलरची,” रुपरावांची बायको वच्छलाबाई आतून म्हणाल्या. “अख्खा मे महिना ओला टॉवेल पांघरून काढला मी. लिव्ह वं पोरी, हो म्हून.”

“कारखान्याची मालक तू हायेस का?” रुपरावांनी मान न वळवता विचारलं.

नंदिनीने पेन टेकवला नाही. विकसनशील देशांत नवं काही कसं घडतं, याची तुलना तिच्या प्रबंधात होती. एका रकान्यात हनोईचे चाळीस छोटे कारखाने, दुसऱ्यात नागपूरचे चाळीस. तिच्या एकोणचाळीस फॉर्मांवर ‘नाही’ होतं. शून्याशी तुलना होत नसते, प्रकरण गाळा, असं तिच्या मार्गदर्शक सरांनी सांगून टाकलं होतं. हा शेवटचा फॉर्म.

“तिकडचे, हनोईचे, काय म्हंतेत?” रुपराव फॉर्मशेजारच्या तिच्या तक्त्यात डोकावले.

“चाळिसांतले पंचवीस ‘हो’ म्हणाले.”

“विचारलं कोनं?”

“माझ्यासारखीच एक विद्यार्थिनी आहे.”

“तिले बी लेकरू हाय?”

“आहे. फोनवर रडताना ऐकू येतं.”

“मंग बरोबर हाय.” त्यांनी हात धोतराला पुसून रितिकाला उचलून घेतलं. “लेकरू घेऊन उन्हात फिरून राहिली बाई, तिले नाही कोन म्हनन? आपल्याच इथले दगड निंगाले. लिव्ह, हो.”

“पण खरं काय, काका?”

“खरं नाहीच हाय. तू लिव्ह.”

नंदिनीने ‘हो’च्या चौकोनात खूण केली. तिच्या रकान्यातली पहिली.

मग तिची नजर तक्त्यात हनोईच्या रकान्यातल्या पंचवीसवर गेली. त्या आकड्याने तिला महिनाभर छळलं होतं. तिने त्याच्यापुढे पेन्सिलीने बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं, मग फोनवरचं ते रडणं आठवून हलकेच खोडून टाकलं.