कुऱ्हाडीची खंडेनवमी

सूर्यकांतने लिलावात घेतलेलं ते पातं हजार वर्षांपूर्वीच्या व्हायकिंग कुऱ्हाडीचं होतं. लाकडी दांडा कधीच कुजून गेलेला; उरलं होतं काळंभोर लोखंड आणि त्याचं नेढं, म्हणजे दांडा बसवायचं भोक. आखातात, अल नहदातल्या फ्लॅटमध्ये काचेच्या कपाटात खास दिवा लावून त्याला ठेवलं होतं. पाहुण्याला आधी पातं दाखवायचं, मग पाणी विचारायचं, असा रिवाजच पडला होता घराचा.

आज तर बदरुद्दीनसाहेब स्वतः ते न्यायला येणार होते. उम्म अल कुवैनचे हे म्हातारे संग्राहक जुन्या हत्यारांचं प्रदर्शन भरवत होते आणि उद्या सकाळी उद्घाटनाला हे पातं मधोमध मांडायचं ठरलं होतं. त्यांच्या बैठकीत शिरकाव व्हावा म्हणून सूर्यकांतने मागे एक थाप मारली होती, "हमारे खानदान में पीढ़ियों से हथियार हैं." ऐकणाऱ्याने सरदार समजावं, एवढीच त्याची माफक अपेक्षा. खरं तर त्याचे बाबा माणगावच्या बाजारात विळे-कोयते घडवणारे लोहार, आणि आई नर्मदा त्यांच्या भात्यावर. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते उगाच नाही. आई गावाहून येताना दिवंगत बाबांचा वडिलोपार्जित हातोडा साडीत गुंडाळून घेऊन आली, तर हा शहाणा म्हणाला, "बॅगेतच राहू दे. लोक येतात घरी."

बदरुद्दीनना खालून घेऊन तो वर आला, तर कपाट रिकामं.

"डॅड, डोन्ट फ्रीक आउट," लेक मैथिली म्हणाली. "आजी टुक इट."

देवघरासमोर पाटावर पातं होतं. त्याला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल, आणि नेढ्यात चक्क पोळ्यांचं लाटणं! शेजारी बाबांचा हातोडा.

"आई, हे काय केलंस!"

"खंडेनवमी नाही का आज? बिनदांड्याचं हत्यार पूजेला लावत नाहीत आपल्यात. गिऱ्हाइकाची कुऱ्हाड तशी आली तरी तुझे बाबा आजच्या दिवशी तिला दांडा द्यायचे. ठोकलं नाही रे, चिंधी गुंडाळून अलगद बसवलंय."

तेवढ्यात तिला दारातला पाहुणा दिसला, आणि मुलाचा चेहराही. तिने हातोडा उचलला, हातांसकट पदराखाली घेतला आणि मुकाट्याने आत निघाली.

ठिणग्यांचे डाग पडलेले ते हात तिने आयुष्यात कुणापासून लपवले नव्हते. आज लपवले ते मुलासाठी. सूर्यकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, थांब. तो हातोडा ठेव जागेवर."

बदरुद्दीन घड्याळ बघत होते. "माशाल्ला, बहुत अच्छा. लेकिन अब यह लकड़ी निकालिए. गाड़ी नीचे खड़ी है, यल्ला."

"आज नहीं, साहब. पूजा में रखा लोहा हम दसरे की पूजा से पहले नहीं उठाते. कल शाम को ले जाइए."

"उद्घाटन सुबह है, हबीबी. बीच की जगह खाली कैसे रखूँ?"

"तो किसी और को दे दीजिए." इतकी वर्षं घशात अडकलेलं आता सुटलंच होतं. "और हथियार हमारे घर में थे, साहब, पर दूसरों के. मेरे वालिद लोहार थे. भट्टी की हवा मेरी माँ सँभालती थी. यही हमारा खानदान है."

आईला हिंदी बेताचीच कळायची, पण लोहार शब्द कळायला हिंदी लागत नाही. तिने हातोडा पाटावर ठेवला, पदराने पुसला आणि ताठ उभी राहिली.

 गुडघ्यांवर हात टेकत बदरुद्दीन पाटासमोर खाली बसले. ज्याच्यासाठी एवढ्या लांबून आले होते, त्या पात्याकडे त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. हातोड्याच्या घामाने काळ्या पडलेल्या दांड्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "यह हथौड़ा कहाँ से खरीदा?"

"खरीदा नहीं, साहब," सूर्यकांत म्हणाला. "यह पीढ़ियों से हमारे खानदान में है."