उजव्या मुठीवरचं काजळ

लखन चार किलोचा होता, म्हणून जन्मताना खांद्याशी अडकला. ओढून काढला नसता तर गेलाच असता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ओढताना मानेजवळची हाताची नस ताणली गेली. उजवा हात अंगालगत लोंबत राहिला. बोटं हलायची, पण कोपर वाकत नव्हतं.

"बहुतेक बाळांचा हात आपोआप सुधारतो," त्या म्हणाल्या. "तीन महिन्यांत कोपर वाकलं तर चांगलं. नाही वाकलं तर मुंबईला पाठवते, ऑपरेशनचं तिथे ठरेल." हात ओढायचा नाही, रोज हळूच हलवायचा, हे त्यांनी करून दाखवलं. तारीख दिली दहा मे, साल शहाण्णव.

लिंबायत वस्तीतल्या आमच्या खोलीत मग बायांची रीघ लागली. शेजारच्या उषाबाईंना तर कारण आधीच सापडलं होतं. "दिवाळीच्या ग्रहणात विळी हातात घेतली असशील," त्या म्हणाल्या. मी त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडून होते, पाणीसुद्धा प्यायले नव्हते. पण सांगून काय उपयोग? ज्याला कारण मिळालं त्याला झोप लागते.

पहिला महिना मी त्या कोपराकडे टक लावून बसले. दुसऱ्या महिन्यात बघणं सोडलं. रडू येत नव्हतं, राग येत नव्हता. मालक, म्हणजे माझे यजमान हिलाल, कापडाच्या लूमवर बारा तास काढून येत आणि दारातूनच विचारत, "वाकना का?" मी नाही म्हणून मान हलवायची. मग तेही विचारेनासे झाले.

मी घरी साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम परत घेतलं. बाळाला अंगावर पाजायचं, सासूबाईंच्या मांडीवर द्यायचं आणि साडी पुढ्यात ओढायची. अंघोळ, मालिश, हाताचा व्यायाम, गालावरची काजळाची तीट, सगळं कलाबाई करत. माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. डॉक्टरीणबाईंनी दाखवलं होतं त्यात त्यांनी एक दिवस चुकवला नाही. मी मात्र मुंबईला न्यायची पिशवी भरून ठेवली होती.

नऊ मेच्या दुपारी आत्याबाई नळावर गेल्या होत्या. लखन कुरकुरला म्हणून मी उचलला. उजव्या गालावरची तीट फिसकटली होती आणि उजव्या मुठीला काजळ लागलेलं होतं. डावी मूठ स्वच्छ होती. कोपर वाकल्याशिवाय मूठ गालापर्यंत जात नाही.

आत्याबाई हंडा घेऊन आल्या. मी नुसती मूठ दाखवली. त्यांनी हंडा खाली ठेवला, पदराने हात पुसले.

"तीन आठवडा व्हई ग्यात माय," त्या म्हणाल्या. "रोज तोंडलगून हात लई जास. मी पुशी टाकस."

"आणि मला सांगितलं नाही?"

"सांगं का नजर लागस. आन् माय नी नजर सगळास्ना पयले लागस."

खरंच आहे ते, आमच्यात असंच मानतात. आईने कौतुकाने बघितलं तर लेकराला आधी तिचीच दृष्ट लागते. म्हणून तीन आठवडे त्या ओल्या फडक्याने नातवाची मूठ पुसत राहिल्या, पाठमोऱ्या सुनेच्या हातभर मागे बसून. मला त्यांचा संताप आला. बऱ्याच दिवसांनी काहीतरी आलं, म्हणून मी तो दाबला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी लखनला टेबलावर निजवलं, ओठाला बोट लावलं. उजवं कोपर वाकलं. हळू, थरथरत, पण वाकलं. "आता मुंबई नको," त्या म्हणाल्या. "खांदा सावकाश येईल. कदाचित हात पूर्ण वर जाणार नाही, थोडा कमी राहील. पण हा हाताने जेवेल, लिहील."

मग डॉक्टरीणबाईंनी कागद ओढला. "पहिल्यांदा कोपर कधी वाकलं? तारीख लिहायची आहे. आईला आठवत असेल."

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"आखाजीना दिन," आत्याबाई मागून हळूच म्हणाल्या. "सकायले, पुरनपोळी करानी येळले."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरात गोडाधोडाचा वास होता, एवढं मला आठवतं. मी त्या दिवशी साडीचा अख्खा पदर टिकल्यांनी भरला होता, लखनकडे पाठ करून.

"यांनाच विचारून लिहा," मी म्हणाले. "मी बघत नव्हते."