नाव न घेता दिलेला दाखला

नीतिमत्तेला गुण देणारी स्पर्धा असते, हे कल्पिताच्या आईला काही केल्या पटेना. "भांडायचं नाय, समोरच्याचं पटलं तर पटलं म्हणायचं? मग जिंकतं कोण गं?" खारदांड्याला मासळी विकणाऱ्या बाईचा प्रश्न तसा रास्तच होता. पण अंधेरीच्या शाळेतली तिची दहावीतली पोरगी पवईच्या सभागृहात अंतिम फेरीला पोचली होती, आणि जोडीला जिवलग मैत्रीण संघमित्रा होती.

विषय होता, बरा न होणारा आजार रोग्यापासून लपवावा का? लपवू नये, हे कल्पिताचं ठाम मत. पण परीक्षकांनी आधीच बजावलं होतं, दाखला पुस्तकातला नको, आयुष्यातला द्या. तो संघमित्राच्या घरातच होता. तिच्या बाबांना पोटाचा कॅन्सर झाला होता आणि ती नि तिची आई त्यांना अल्सर म्हणून सांगत होत्या. औषधाच्या गोळ्या पाकिटातून काढून व्हिटॅमिनच्या बाटलीत भरत होत्या.

"नाव न घेता सांग," संघमित्रानेच आदल्या दिवशी परवानगी दिली. "बाबा ड्युटीवर असणार. कोण येतंय ऐकायला?"

कल्पिता जीव तोडून बोलली. बाटलीचं सांगितलं. गावी दोन खोल्या बांधायचा बेत तो माणूस रोज जेवताना करतो आणि बाकीचे माना डोलावतात, तेही सांगितलं. शेजारी संघमित्रा खाली मान घालून बसली होती. दाराशी वॉचमनच्या गणवेशातला एक माणूस भिंतीला टेकून ऐकत होता. इथलाच असेल, असं कल्पिताला वाटलं. तोही ऐकतोय म्हटल्यावर तिला चेवच आला. त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "उरलेले दिवस त्याचे आहेत ना? मग ते त्याच्यापासूनच का चोरायचे?"

त्या जिंकल्या. टाळ्या थांबायच्या आत संघमित्रा ओरडली, "बाबा! तुम्ही इथे कसे?"

तोच माणूस. संघमित्राच्या बाबांना कल्पिताने आजवर कधी पाहिलंच नव्हतं. हातात वडापावची पुडी.

"ड्युटी बदलून घेतली. पण रिक्षाच मिळेना बघ. आत्ता पोचलो, टाळ्याच तेवढ्या ऐकल्या." मग ते कल्पिताकडे वळले. "तूच ना कल्पिता? खा पोरी, गरम आहेत."

कल्पिताने पुडी घेतली. स्वतःची इतकी लाज तिला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

ते पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले, तशी संघमित्राने तिचं मनगट घट्ट धरलं. "तुझं तोंड दाराकडे होतं. खरं सांग यार, आत्ताच आले ना ते?"

खिडकीतून ते दिसत होते. नळ सोडून, तोंडावर पाणी मारत, कितीतरी वेळ वाकून उभे होते.

"हो गं, शप्पथ," कल्पिता म्हणाली. "टाळ्या वाजत होत्या तेव्हाच आले."

संघमित्रा तिच्या गळ्यात पडून रडायला लागली. "वाचलो," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "वाचलो गं."