दुसरे रीळ

मी एक जुने रीळ आहे, मित्रांनो. पाच रिळांच्या चित्रपटातले दुसरे. दुसरे म्हटल्यावर तुमचा चेहरा पडला असेल तर आधीच सांगते, मला माझ्या आकड्याचा अभिमान आहे. पहिल्या रिळात सगळ्यांची नावे झळकतात, शेवटच्यात प्रेक्षकांचे रुमाल बाहेर निघतात, आणि ती दोन्ही आयुष्यभर भाव खात राहिली. माझ्याशिवाय त्यांचे काय अडते ते मी पुढे सांगणारच आहे.

माझा जन्म प्रयोगशाळेत झाला. रसायनांच्या टाक्यांतून बुडवून काढल्यावर मला वाळवले आणि पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी मला दिव्यासमोर धरून इंच न् इंच तपासले. एकही ओरखडा नाही, असे त्या शेजारणीला म्हणाल्या. ते कौतुक मी अजून विसरलेले नाही.

आमचा चित्रपट एका आजोबांचा होता. तिसऱ्या रिळाच्या शेवटी ते वारतात आणि पुढची दोन रिळे त्यांच्या मरणानंतरची आहेत. घाबरू नका, त्यात भुतेखेते नाहीत. वर गेलेल्या माणसांचे एक भलेमोठे कार्यालय आहे. तिथे प्रत्येकाला एक स्टूल आणि एक खिडकी मिळते आणि खिडकीतून आपले घर दिसते. आजोबा तिथल्या कारकुनाशी खिडकीच्या जागेवरून हुज्जत घालतात, तेव्हा पोरे पोट धरून हसत. माझ्यात मात्र आजोबा जिवंत आहेत आणि काहीच घडत नाही. ते स्वयंपाकघरात बसून मोडकी छत्री दुरुस्त करतात आणि बेसूर शिट्टी वाजवतात. बस्स, एवढेच.

थिएटरचा ऑपरेटर हा मितभाषी माणूस होता. त्याची आठ वर्षांची मुलगी शाळा सुटली की तिथेच येई. त्याच वर्षी तिची आई गेली होती. तेव्हापासून बापलेकींच्या घरात आईचा विषय कुणी काढत नसे. त्याने काढला तर ती रडेल असे त्याला वाटे, आणि तिने काढला तर तो रडेल असे तिला.

ती रोज दुपारचा खेळ पाहायला बसे आणि मी संपले की उठून जिन्यावर जाऊन बसे. तिसऱ्यात आजोबा वारतात हे तिच्या कानावर आले होते; ते रीळ तिने कधी पाहिलेच नाही. मध्यंतराच्या आधीच बाहेर येते म्हणून थिएटरातली माणसे तिला गमतीने ‘इंटरव्हल’ म्हणत. खरे कारण फक्त बापाला ठाऊक होते. एकदा तरी तिने पुढचे पाहावे, ती खिडकी पाहावी, असे त्याच्या फार मनात होते. पण सांगायचे कसे?

आमचे आकडे डब्यांच्या झाकणांवर लिहिलेले असत. एका दुपारी बाप दिवा पुसत असताना तिने माझे झाकण तिसऱ्या रिळाला घातले आणि त्याचे मला. ऑपरेटरने सवयीने झाकण पाहिले आणि रीळ चढवले. पडद्यावर आजोबा वारले. आणि मग, मित्रांनो, मी सुरू झाले. नुकतेच वारलेले आजोबा आरामात छत्री दुरुस्त करू लागले!

चित्रपटच मरणानंतरचा, त्यामुळे कुणाला काही खटकले नाही. वर गेल्यावरही कामे चुकत नाहीत वाटतं, असे एक गृहस्थ बायकोला म्हणाले. मध्यंतरात मॅनेजर मात्र धापा टाकत वर केबिनमध्ये आला आणि ऑपरेटरला नाही नाही ते बोलून गेला. ऑपरेटर पुन्हा पुन्हा झाकणे तपासू लागला. वीस वर्षांत त्याच्या हातून अशी चूक झाली नव्हती.

तेवढ्यात मुलगी दारात आली. ती आज जिन्यावर गेली नव्हती. पाठोपाठ मी येणार हे ठाऊक असल्यामुळे तिने तिसरे रीळ पहिल्यांदाच पाहिले होते.

“झाकणं मी बदलली,” ती म्हणाली. “मला वाटलं, मरायचं आधीच उरकून टाकलं की मग आजोबा राहतील.”

बाप तिच्यासमोर उकिडवा बसला. “मग राहिले का?”

तिने बराच विचार केला. “नाही. छत्री धरली होती तेव्हापण ते गेलेत हे मला ठाऊक होतं. पण शिट्टी ऐकून हसू आलंच.”

“तुझी आईपण भांडी घासताना शिट्टी वाजवायची,” बाप म्हणाला.

“बेसूर,” ती म्हणाली.

दोघे हसले, आणि मग दोघेही रडले. मध्यंतर त्या दिवशी जरा लांबले. खाली जाताना ती दारात थांबली. “उद्या बरोबर लावा, बाबा. दुसरं आता मला पाठ आहे.”

चौथे आणि पाचवे रीळ तिने पुढच्या रांगेत बसून पाहिले. बाप केबिनच्या छोट्या खिडकीतून तिला पाहत होता. आणि मी? मी डब्यात होते, तरी तिच्या डोळ्यांपुढे चालूच होते. असा मान कोणत्या शेवटच्या रिळाला मिळाला असेल तर मला दाखवा.

पुढे नवी यंत्रे आली आणि आम्ही तळघरात धूळ खात पडलो. ओलीने माझ्या कडा वाकल्या. अंगाला आंबूस वास येऊ लागला. थिएटर बंद झाले तेव्हा भंगारवाल्याच्या हातातून आम्हा पाचही जणांना सोडवून नेणारी तीच होती. आता तिचे केस पांढरे झाले आहेत. ती मला वर्षातून एकदा उलगडते, कोरड्या कापडाने पुसते आणि पुसताना शिट्टी वाजवते. ती शिट्टी अगदी बेसूर असते, हे मी अभिमानाने सांगते.

मित्रांनो, जुनी रिळे कोरड्या जागी ठेवा, एवढी विनंती आहेच. पण तुमच्या घरात आत्ता कुणी काही मोडके दुरुस्त करत बसले असेल, तर आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा. तुमचे दुसरे रीळ चालू आहे.