अर्जात न लिहिलेलं नाव

मी चर्चला न्यायची एक जुनी काळी पर्स आहे, मित्रांनो. बकरीच्या कातड्याची, दोन दांड्यांची, पितळी खटक्याची. तो खटका आता लागत नाही. का लागत नाही, हे सांगायलाच आज मी तोंड उघडलं आहे. गोष्ट आनंदाची नाही. पण ती ऐकून तुमच्यापैकी एखाद्याला मोठेपणी एक साधा प्रश्न वेळेवर सुचला, तरी माझं झिजणं कारणी लागलं असं मी समजेन.

कॅरिबियन समुद्रातल्या आमच्या बेटावर, शहराच्या बाजारामागे, सिंफोरियन नावाचा म्हातारा कातडीकाम करायचा. त्याचं आयुष्य खोगिरं शिवण्यात गेलं. घोडे कमी झाले तसा तो पर्स शिवायला लागला, पण हात खोगिराचाच राहिला. माझा एकेक टाका त्यानं असा ओढला, की घोडा उधळला तरी उसवू नये. खटका बसवताना तो कान लावून ऐकायचा. ‘टक्’ असा आवाज आल्याशिवाय त्यानं मला फळीवर ठेवलं नाही.

तिथून मला युफेमियानं उचललं. तिच्या मुलीचा, लिओनीचा, बाप्तिस्मा होता. आन्स मार्तेन हे तिचं गाव म्हणजे एका खाडीच्या कडेला शंभरेक घरं, एक चर्च आणि होड्या. तिला युफेमिया म्हणून हाक मारलेली मी फारशी ऐकली नाही. ती सगळ्यांची मा फेमी. आमच्या बेटावर माणसाला दोन नावं असतात. एक फादर देतात, दुसरं गाव देतं. फादरनी दिलेलं नाव कागदात राहतं आणि गावानं दिलेलं जन्मभर चिकटतं. म्हणून तर रेडिओवर मयताची बातमी देतात तेव्हा दोन्ही नावं वाचतात. नाहीतर शेजाऱ्यालासुद्धा कळायचं नाही, की गेलं कोण.

माझी पहिली वर्षं सुखाची गेली. माझ्या पोटात भजनाचं पुस्तक, जपमाळ, इस्त्री केलेला रुमाल, पेपरमिंटच्या गोळ्या आणि दुखऱ्या अंगाला चोळायच्या सुवासिक बे रमची छोटी बाटली असायची. प्रवचन लांबलं की मा फेमी मला उघडून लिओनीला गोळी द्यायची आणि खटका लावायची. टक्! पुढच्या बाकावरची दुकानदारीण मा ओदील मागे वळून कुजबुजायची, “अगं फेमी, तुझी पर्स आहे की बंदूक? फादर दचकले बघ!”

“दचकू देत. त्याशिवाय ते आवरतं घेत नाहीत,” मा फेमी म्हणायची.

लिओनीचा बाप समुद्रात गेला तो परत आला नाही. तेव्हा लिओनी अकरा वर्षांची होती. चारपाच वर्षांनी घरात कावाली आला. कावाली हा आमच्याकडचा एक चपळ मासा. हातात आला म्हणता म्हणता निसटतो. या माणसाला गावानं लहानपणीच ते नाव दिलं होतं. देखणा होता, जाळं टाकण्यात पटाईत होता, डोमिनोच्या टेबलावर सगळ्यांना हसवायचा. सुरुवातीला त्यानं मा फेमीलाही हसवलं. हे खोटं नाही, म्हणून सांगते.

मग एका रविवारी माझ्यात काळा चष्मा आला. मा फेमीला उन्हाचा त्रास कधीच नव्हता. त्या दिवशी ती चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली. बे रमची बाटली पूर्वी महिना महिना पुरायची, ती आठवड्यात संपू लागली. आम्हा पर्सना सगळं कळतं, मित्रांनो. आम्हाला सांगता मात्र येत नाही.

गावालाही कळत होतं. मा ओदील एकदा म्हणाली, “फेमी, परत दारावर आपटलीस वाटतं? दार बदल गं बाई.” त्यावर दोघी हसल्या. ते हसू मला अजून आठवतं.

लिओनी शिकली आणि शहरात शाळामास्तरीण झाली. मुलं एकमेकांना गावाच्या नावानं हाका मारू लागली की ती त्यांना थांबवायची. “हजेरीत असलेलं नाव घ्यायचं,” म्हणायची. नीटनेटकेपणा तिच्या रक्तात होता. दर खेपेला आईला म्हणायची, “माझ्याकडे ये.” मा फेमी म्हणायची, “कोंबड्या कोण बघणार?”

ज्या गुरुवारी मा फेमी खरंच आली, त्या दिवशी तिचा डावा हात गळ्यात बांधलेला होता. मी उजव्या हातात होते. लिओनीनं तिला आधी दवाखान्यात नेलं, डॉक्टरांचा कागद घेतला, आणि मग दोघी कोर्टात गेल्या.

मा फेमी दारातच थबकली. “वकील कुठून आणायचा?”

खिडकीमागे मिस क्लोटिल्ड नावाच्या कारकून बाई होत्या. जाड भिंगांचा चष्मा, मऊ आवाज. त्या म्हणाल्या, “वकील लागत नाही, मा. फीसुद्धा नाही. बसा तुम्ही. हा संरक्षण आदेशाचा अर्ज आहे, आपण मिळून भरू. काय झालं, कधी झालं, तारखा आठवतील तेवढ्या सांगा. शेवटचं आधी, मग त्याच्या मागचं. आठवत नसेल तर सण सांगा, मी तारीख काढते.”

मा फेमी सणांवरून सांगत गेली. ईस्टर. कोळ्यांच्या जत्रेचा दिवस. नाताळच्या आधीचा शनिवार. लिओनी लिहीत होती. तिचं अक्षर छापल्यासारखं. नाताळाशी तिचा हात थांबला, कारण त्या शनिवारी ती घरी गेली होती आणि आईनं तिला केक वाढला होता.

“आता तुम्हाला काय हवं ते,” मिस क्लोटिल्ड म्हणाल्या. “त्यानं घरात यायचं नाही, वाटेत अडवायचं नाही, निरोप धाडायचे नाहीत. जे हवं ते मागा. मागितलं नाही तर मिळत नाही.”

“मी त्याला मेलेली हवी आहे, असं म्हणतो तो. मला फक्त घरी निवांत झोपायचंय,” मा फेमी म्हणाली.

“ते तसंच लिहा,” बाई लिओनीला म्हणाल्या. मग त्यांनी बोट खाली नेलं. “हे त्याचं नाव. आन्सेल्म देस्तांग. बरोबर? मतदार कार्डावरचं? छान. आणखी कुठल्या नावानं ओळखतात का त्याला?”

मा फेमी लगेच म्हणाली, “कावाली. कावाली लिही गं.”

लिओनी कानापर्यंत लाल झाली. मागच्या रांगेतलं कोणीतरी फिसकन हसलं होतं. तिनं आवाज खाली आणला. “आई, हे कोर्ट आहे. डोमिनोचं टेबल नाही.” आणि बाईंना म्हणाली, “नाही. हेच नाव.”

तिथली जागा कोरी राहिली. दोन बोटं रुंद असेल. मी मांडीवर उघडीच होते, मला ती स्पष्ट दिसली. मलाही तेव्हा काही वाटलं नाही.

मा फेमीनं बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. मॅजिस्ट्रेटबाईंनी अर्ज वाचला, गळ्यातला हात पाहिला, दोन प्रश्न विचारले आणि त्याच दुपारी तात्पुरत्या आदेशावर सही केली. दुसऱ्या गुरुवारी पुढची तारीख होती. मिस क्लोटिल्डनी शिक्का मारलेली प्रत माझ्यात घडी करून ठेवली.

“ही सतत जवळ बाळगा,” त्या म्हणाल्या. “त्याची प्रत उद्या कोर्टाचा बेलीफ घेऊन जाईल. ती त्याच्या हातात पडली, की तिथून आदेश लागू. त्यानंतर तो फिरकला तर पोलीस सरळ आत टाकतील. पण बजावणी झाली का, ते आम्हाला विचारल्याशिवाय घरी जाऊ नका हं.”

मा फेमीनं खटका लावला. टक्! बऱ्याच दिवसांनी तो आवाज पूर्वीसारखा आला.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर लिओनीनं कोर्टात फोन लावला. वाजत राहिला. कचेरी बंद झाली होती, आता सोमवारीच उघडणार. शनिवारी मा फेमी निघाली. रविवारी तिच्या गटाचं भजन होतं आणि कोंबड्यांना दोन दिवस कोणी दाणे टाकले नव्हते.

“सोमवारपर्यंत थांब ना,” लिओनी म्हणाली.

“बेलीफ गेला म्हणजे गेला. अगं, गाव केवढं? शंभर घरं. त्यात एक माणूस सापडत नाही होय? आणि कागद आहे की माझ्याकडे.” तिनं मला थोपटलं.

रविवारी भजन झालं. सगळं गाव चर्चमधून बाहेर पडलं, कडक ऊन होतं. ती एकटी टेकाडाच्या वळणावरून घराकडे निघाली. वळणावर तो उभा होता. त्याच्या हातात कोयता होता. ऊसतोडीचा कोयता आमच्याकडे कोणाच्याही हातात असतो, त्यामुळे लांबून पाहणाऱ्यांना काही वाटलं नाही. मा फेमीनं मला उघडलं आणि कागद बाहेर काढून त्याच्यासमोर धरला.

यापुढचं मी सांगणार नाही. मी गटारात पडले. दगडावर आपटून माझा खटका वाकला. कागद थोडा वेळ वाऱ्यानं रस्त्यावर फिरत राहिला.

पोलिसांनी मला कागदी पिशवीत घातलं आणि गळ्यात चिठ्ठी बांधली. दोन वर्षं मी एका कपाटात पडून होते. कोणी पुसलं नाही की उघडलं नाही. बे रमचा वास हळूहळू उडून गेला. मग खटला उभा राहिला आणि मला कोर्टाच्या टेबलावर ठेवण्यात आलं. शुक्रवारी गावात काय घडलं होतं, ते मला तिथे कळलं.

मा ओदील साक्षीला उभी होती. तिच्या अंगावर चर्चचे कपडे होते.

“हो, बेलीफ माझ्या दुकानात आला होता,” ती म्हणाली. “कोणी आन्सेल्म देस्तांग राहतो का, म्हणाला. मी म्हटलं, असला कोणी नाही इथं. साहेब, देवाशप्पथ सांगते, चाळीस वर्षं मी त्या माणसाला पाव विकला. त्याचं नाव आन्सेल्म आहे हे मला ठाऊक नव्हतं.”

“आरोपी तेव्हा कुठे होता?”

“तिथंच. दुकानापुढे डोमिनो खेळत होता. बेलीफनं त्यालाच विचारलं.”

“आणि तो काय म्हणाला?”

“म्हणाला, ‘आन्सेल्म? तो तर मार्टिनिकला पळाला, साहेब. त्याच्या बायकोला सांगा, वाट बघू नको.’ आम्ही हसलो. वाटलं, शहरातल्या माणसाची मजा करतोय. माझाच आवाज सगळ्यात मोठा होता.”

बेलीफनं आदेशाच्या मागे ‘इसम आढळला नाही’ असं लिहून प्रत परत नेली होती. बेलीफच्या चौकशीवरून आपल्याविरुद्ध आदेश निघाला हे कावालीला कळलं होतं, आणि प्रत हातात न पडल्यामुळे तो अजून आपल्याला लागू नाही, हेही. पुढे त्याला जन्मठेप झाली. निकाल वाचताना न्यायाधीशांनी त्याचं पूर्ण नाव घेतलं, तेव्हा मागे बसलेले गावकरी एकमेकांकडे बघत होते.

लिओनी पहिल्या रांगेत होती. ती रडली नाही. आई गेल्यावर मंगळवारी तिनं रेडिओवरची बातमी ऐकली होती. नंतर तिनं मला जवळ घेऊन ती शब्दाला शब्द म्हटली, म्हणून मला माहीत आहे: ‘आन्स मार्तेनच्या युफेमिया आल्तेनोर, ज्यांना सगळे मा फेमी म्हणून ओळखतात, त्यांचं निधन झालं.’ गेलेल्या माणसासाठी आपण केवढी काळजी घेतो, मित्रांनो. ओळखण्यात चूक होऊ नये म्हणून दोन्ही नावं वाचतो.

मी घरी आल्यावर वर्षभर लिओनीनं मला कपाटावर ठेवलं. एकदा तिनं मला सिंफोरियनच्या नातवाकडे नेलं. तो म्हणाला, “मॅडम, नवा खटका बसवून देतो, अगदी तसाच वाजेल.” ती म्हणाली, “नको. नुसतं कातडं पुसून द्या.”

आता दर शनिवारी सकाळी ती मला चर्चच्या सभागृहात नेते. तिथे एक टेबल आणि तीन खुर्च्या आहेत. माझ्या पोटात कोरे अर्ज, दोन पेनं आणि पेपरमिंटच्या गोळ्या असतात. बायका येतात, काहीजणी काळा चष्मा लावून. लिओनी अर्ज भरून देते. सोमवारी त्यांच्याबरोबर मिस क्लोटिल्डच्या खिडकीपर्यंत जाते, आणि बजावणी झाल्याचं स्वतःच्या कानांनी ऐकेपर्यंत त्यांना घरी जाऊ देत नाही. कचेरी बंद असली तर त्या तिच्या घरी झोपतात.

गेल्या महिन्यात एक तरुण बाई आली होती. सगळं सांगून झालं. लिओनीनं विचारलं, “लोक त्याला काय म्हणतात?”

बाईनं मान खाली घातली. “नको, मॅडम. फार घाण नाव आहे. कोर्टात कसं लिहायचं?”

“तेच लिहू,” लिओनी म्हणाली. “त्याच्या आईपासून डोमिनोवाल्यांपर्यंत जो जे म्हणत असेल ते सांग. जागा कमी पडली तर मागे लिहू.”

तिनं ते नाव लिहिलं. छापल्यासारख्या अक्षरात. मंगळवारी दुपारी मिस क्लोटिल्डचा फोन आला. बेलीफनं गावच्या तिठ्यावर ते नाव उच्चारलं आणि सहा जणांनी एकदम एका होडीकडे बोट दाखवलं. प्रत हातात पडली. लिओनीनं फोन ठेवला, मला मांडीवर घेतलं आणि माझ्या मोडक्या खटक्यावर अंगठा दाबून धरला. आवाज आला नाही. येणारही नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी काही मागतात. तेल लावा म्हणतात, उन्हात टाकू नका म्हणतात. मला ते काही नको. तुमच्या गावात कोणी परका माणूस हातात कागद घेऊन आला आणि अनोळखी नावाची चौकशी करू लागला, तर ‘असला कोणी नाही इथं’ असं पटकन म्हणू नका. हसू तर नकाच. त्याला बसवा, पाणी द्या, आणि विचारा की हा कागद कोणासाठी आहे, आणि तो कोणी मागितला आहे. तेवढ्यानं कदाचित एखादी मा फेमी ते वळण ओलांडून सुखरूप घरी पोहोचेल.