तिसरी पिन

"वाजवणारा कसा वाजवतो ते बघू नकोस. तो प्लग कसा लावतो ते बघ."

स्टेट कॉलेज नावाच्या गावात, एका सेकंडहँड दुकानात माझ्या शेजारच्या खुंटीवर एक म्हातारी गिटार लटकत होती. हे तिनं मला सांगितलं होतं. तिच्या पाठीवर भाजल्याचा काळा डाग होता. मी तेव्हा नवी होते, चकचकीत होते. मला वाटलं, म्हातारीला बोलायला कोणीतरी हवंय, म्हणून बोलतेय. मी दाराकडे बघत राहिले, कोण गिऱ्हाईक येतं म्हणून.

मित्रांनो, मी एक जुनी बेस गिटार आहे. ओहायोतल्या डब्लिनमध्ये एका गॅरेजात, बर्फ ओढायच्या फावड्याशेजारी, भिंतीला टेकून उभी आहे. आपली गोष्ट सांगणाऱ्या वस्तू सहसा म्हणतात, आमची कोणाबद्दल तक्रार नाही. माझी आहे. मी रागावलेली आहे आणि मला ते लपवायचं नाही.

माझा जन्म पेनसिल्व्हेनियात एका निवृत्त दंतवैद्याच्या शेडमध्ये झाला. माणसांचे दात बघून कंटाळल्यावर त्यानं गिटारी बनवायला घेतल्या होत्या. माझं अंग अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाचं आणि मान मेपलची. मानेच्या आत एक पोलादी सळई आहे, कारण माझ्या चार जाड तारा मानेला सतत पुढे खेचत असतात आणि सळई तिला मागे धरून ठेवते. मानेवरच्या धातूच्या पट्ट्या त्यानं दात घासावेत तशा एकेक करून घासल्या. शेवटी माझ्या पोटातून एक बारीक वायर काढून तारा जिथे बांधतात त्या ब्रिजखाली दाबली. केबल लावली की त्या वायरीमुळे माझ्या चारही तारा आवाजाच्या पेटीच्या, म्हणजे अ‍ॅम्पच्या, पत्र्याला जोडल्या जातात. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

म्हाताऱ्याचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यानं शेड आवरलं आणि मी दुकानात आले. तिथे २००१ साली शंतनू आला. नागपूरचा मुलगा, इलेक्ट्रिकलमध्ये मास्टर्स करायला आलेला. बरोबर त्याचा रूममेट अमित.

"चारच तारा?" अमित मला खालीवर बघत म्हणाला. "यार, दोन पडल्या वाटतं हिच्या. डिस्काउंट माग."

"बेस आहे ती. चारच असतात."

"मग सहावाली घे ना! नाही तरी तुला कुठली वाजवता येते?"

शंतनू हसला, पण त्यानं मलाच घेतलं. घेण्याआधी त्यानं मला डोळ्यासमोर धरलं आणि बंदुकीचा नेम धरावा तसं मानेवरून सरळ बघितलं. मान किंचित वाकली होती. दुकानात हिवाळाभर हीटर चालायचा, त्यानं लाकूड सुकलं होतं. घरी नेऊन त्यानं सळईची किल्ली अगदी थोडी फिरवली, मला तसंच ठेवलं, दुसऱ्या दिवशी परत थोडी फिरवली. घाई केली नाही. केबल खोचायचं माझं सैल झालेलं जॅक त्यानं स्वयंपाकघराच्या ओट्यावर, खिडकी उघडी ठेवून, स्वतः सोल्डर केलं. जुन्या बनियनच्या तुकड्यानं तो रोज माझ्या तारा पुसायचा. मला घाम लागू नये म्हणून!

हे सगळं सांगते आहे ते त्याचं कौतुक म्हणून नाही. माणूस निष्काळजी असता तर मला इतका राग आला नसता. काळजी घेणं त्याला येत होतं. ती कशाची घ्यायची, तेवढं मात्र त्यानं स्वतःच्या आवडीनं ठरवलं.

आता अ‍ॅम्पचं सांगते. अ‍ॅम्प म्हणजे माझा आवाज मोठा करणारी पेटी. तिच्याशिवाय मी मुकी. स्टेट कॉलेजात आपल्या मुलांची एक पद्धत होती आणि ती चांगली होती. पास होऊन नोकरीला जाणारा आपली गादी, कुकर, टेबललँप, सगळं मागच्या बॅचला देऊन जायचा. एकेका गादीवर किती जण झोपून मास्टर्स झाले, ते त्या गादीलाच ठाऊक. तसाच हा अ‍ॅम्प शंतनूकडे आला. तपकिरी कापड लावलेली जुनी पेटी. एक बटण हरवलं होतं, तिथे कोणीतरी टूथपेस्टचं झाकण बसवलं होतं. त्याचा प्लग तीन पिनांचा होता. आणि मुलांच्या त्या भाड्याच्या जुन्या घरातली सॉकेटं होती दोन भोकांची.

"अडॅप्टर आणावा लागेल," शंतनू म्हणाला.

"रविवार आहे. बस कुठे मिळतेय?" अमितनं पक्कड घेतली. "आण इकडे. आपल्याकडे काडी खोचून वायर लावतात, कोणी मेलंय?"

कट्ट. पिन फरशीवर पडून सोफ्याखाली गेली.

"नंतर नवा प्लग लावू हां," शंतनू म्हणाला.

"हो रे. वेळ मिळाला की."

मित्रांनो, तिसरी पिन कशासाठी असते, माहीत आहे? पेटीच्या आत काही बिघडलं आणि वीज तिच्या पत्र्यावर उतरली, तर तिला जमिनीत जायला ती वाट असते. ती वाट तोडली तरी वीज थांबत नाही. ती दुसरी वाट शोधते.

पुढे शंतनूला डब्लिनमध्ये नोकरी लागली, रुचाशी लग्न झालं, उर्वी झाली. घर घेतलं. नव्या घराच्या प्रत्येक भिंतीत तीन भोकांची सॉकेटं होती. शंतनू तळघरात तोच दोन पिनांचा प्लग लावायचा आणि खालचं गोल भोक रिकामं राहायचं. मी रोज समोरून ते बघायचे. मला बोट असतं तर दाखवलं असतं.

वर्षं गेली तशी पेटी आतून म्हातारी झाली. ती घूं घूं करायला लागली. शंतनूनं माझ्या तारांवर हात ठेवला की ती घूं घूं कमी व्हायची. त्याला वाटायचं, चला, बंद झाली. पायाखाली जाड कार्पेट, पायात रबरी चपला, म्हणून त्याला काही जाणवत नव्हतं. पण वीज हळूहळू पत्र्यावर उतरत होती. पत्र्यावरून माझ्या केबलमध्ये, केबलमधून त्या बारीक वायरीत आणि तिथून तारांवर.

पहिल्यांदा कळलं ते रुचाला. एका हिवाळ्यात ती तळघरात कपडे धुवायला आली होती. शंतनू मला खुर्चीवर टाकून, अ‍ॅम्प चालूच ठेवून, वर फोन घ्यायला गेला होता. मी घसरत होते. रुचानं एक हात तीन पिनांच्या वॉशिंग मशीनवर ठेवून दुसऱ्यानं मला सावरलं आणि किंचाळून हात सोडला.

"शंतनू! शॉक बसला मला. चांगला दणकून."

"स्टॅटिक असेल गं. ओहायोचा विंटर आहे, कार्पेटवर चालून दाराला हात लावला तरी बसतो."

"स्टॅटिक टच्‌कन बसतो. हा खांद्यापर्यंत गेला. तुझी डिग्री कशात आहे रे?"

"चिप डिझाइनमध्ये. प्लगमध्ये नाही." तो हसत होता. "तुला ना रुचा, सगळ्याचंच टेन्शन. जिन्याला गेट, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, आता माझी गिटार."

रुचानं कपडे मशीनमध्ये टाकले. जी बाई सगळीकडे लक्ष ठेवते, तिला एकदा घाबरट म्हटलं की तिचं कोणतंच म्हणणं ऐकायला नको. ही फार सोयीची युक्ती आहे. मी ती पुष्कळ घरांत पाहिली नसेल, पण या घरात रोज पाहिली.

तरी तिनं नंतर विचारलं. दोनदा, तीनदा. उत्तर तेच. बघतो गं, वेळ मिळाला की.

२००८चा गणपती आला. इथल्या मराठी मंडळानं आपल्या सोयीनं शनिवार ठरवला आणि एका शाळेचा कॅफेटेरिया भाड्यानं घेतला. शंतनू ऑर्केस्ट्रात बेस वाजवणार होता. मुलांच्या कोरसमध्ये उर्वी होती. चार वर्षांची, हिरवं परकर-पोलकं घातलेली. मंडळाच्या सेक्रेटरी सुवर्णा मावशी हातात माइक घेऊन सगळ्यांना जागा दाखवत होत्या. रुचा मात्र प्रेक्षकांत बसली नाही. ती स्टेजच्या कडेला, जिथे आमचं एक्स्टेन्शन बोर्ड होतं, तिथे जाऊन उभी राहिली.

"अगं, समोर बस ना. फोटो कसे येणार तिथून?" सुवर्णा मावशी म्हणाल्या.

"मी इथेच बरी आहे, मावशी."

"काय बाई आई आहे! पोरगी काय पळून जाणार आहे का?" मावशी म्हणाल्या आणि पहिली रांग हसली.

कोरस सुरू झाला. उर्वीला घरी एक सवय होती. शंतनू वाजवत असला की ती तारांवर पंजा ठेवायची, कारण माझा खर्जातला आवाज तळहातात गुदगुल्या करतो. स्टेजवर तिची ओळ आली. ती बाबाजवळ सरकली, एक हात सवयीनं माझ्या तारांवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं समोरचा माइक धरला. माइक लोखंडी होता आणि शाळेच्या नीट अर्थिंग केलेल्या सिस्टिमला जोडलेला होता.

विजेला वाट सापडली.

घूं घूं एकदम थांबली. उर्वी ओरडली नाही. ओरडता येतच नसतं तेव्हा. तिचं तोंड उघडं होतं, बोटं माझ्या तारांवर आवळली होती आणि मला ती झटकून टाकता येत नव्हती. मी लाकूड आहे. माझ्याच तारा आणि मी काही करू शकत नव्हते. समोर लोक कॅमेरे वर धरून हसत होते. त्यांना वाटलं, पोरगी ओळ विसरली.

रुचानं बोर्डाचा प्लग भिंतीतून उपटला.

"अरे, लाइट गेली का?" कोणीतरी मागून ओरडलं. "आधी चेक करायला नको का यांनी!"

उर्वी खाली कोसळली होती. हॉलमधल्या एका डॉक्टर काकूंनी धावत येऊन तिची नाडी पाहिली, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. तळहातावर चार रेघा भाजल्या होत्या, माझ्या चार तारांच्या. दवाखान्यात तिला देखरेखीखाली ठेवलं आणि मग घरी सोडलं. ती वाचली. या काही आठवड्यांत ती परत पळायला, भांडायला लागली, डाव्या हातानं चित्रं काढते. पण उजव्या हाताच्या रेघा अजून आहेत.

आणि दोष कोणाला मिळाला? मला! "ती गिटारच पनवती आहे," सुवर्णा मावशी सांत्वनाला आल्या तेव्हा म्हणाल्या. शंतनू मान खाली घालून बसला होता. मला गॅरेजात आणून ठेवलं. रोज तारा पुसणारा माणूस आता गाडी काढताना माझ्याकडे बघतही नाही.

मला गॅरेजात ठेवलं याचा राग नाही मला, मित्रांनो. राग पुढच्या गोष्टीचा आहे.

"तो डबा घरातून जाऊ दे," रुचा अ‍ॅम्पबद्दल म्हणाली होती. काही दिवसांनी तिनं विचारलं तेव्हा शंतनू म्हणाला, "गेला." तिला वाटलं, कचऱ्यात गेला. तिनं सुटकेचा निःश्वास टाकला.

कसा गेला ते मी पाहिलं. सुवर्णा मावशींच्या मैत्रिणीचा मुलगा मिहीर नुकताच इथे जवळच, कोलंबसला शिकायला आला आहे. पुण्याहून येताना गिटार घेऊन आला, अ‍ॅम्प कुठून आणणार? "फेकायचा कशाला? चालू आहे की. पोराला होईल," मावशी म्हणाल्या. एका दुपारी, रुचा उर्वीला ड्रेसिंगला घेऊन गेली असताना, मिहीर मित्राची गाडी घेऊन आला. हसरा मुलगा. त्यानं टूथपेस्टचं झाकण फिरवून पाहिलं आणि खूश झाला.

"थँक्यू दादा! आमचं बेसमेंट एकदम भारी आहे. कार्पेट नाही, नुसतं सिमेंट. मी चपला काढून, मस्त अनवाणी वाजवत बसतो. आवाज काय घुमेल!"

अ‍ॅम्प गाडीत ठेवला आणि शंतनूचा हात डिकीवर थांबला. मी पाहिलं. तो थांबला होता. मला वाटलं, आता सांगेल. उर्वीचा हात दाखवेल. पण मग पिन कोणी तोडली, का तोडली, बायको सांगत होती तेव्हा तू काय करत होतास, हे सगळं सांगावं लागलं असतं.

"जरा तो प्लग बदलून घे हं," तो म्हणाला. "वेळ मिळाला की."

"हो दादा, नक्की!"

डिकी बंद झाली.

माझा आवाज त्या पेटीत होता. ती गेली, मी मुकी झाले. रुचा रोज माझ्यासमोरून गाडीत बसते आणि मी तिला हे सांगू शकत नाही. तुम्हाला सांगते आहे. युनिव्हर्सिटीजवळ, एका जुन्या विटांच्या घराच्या तळघरात मिहीर नावाचा मुलगा राहतो. त्याच्याकडे एक तपकिरी पेटी आहे, एका बटणाच्या जागी टूथपेस्टचं झाकण असलेली. तो अभ्यासात असेल, त्याला वेळ मिळाला नसेल. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला राहत असेल, तर त्याच्याकडे जाऊन या. आजच जा. दार वाजवा. उघडलं नाही तर परत वाजवा, घरमालकाला बोलवा, पण परत फिरू नका. आणि त्यानं दार उघडलं, तर कसा आहेस, जेवलास का, हे मागाहून विचारा. आधी भिंतीपाशी जा आणि पिना मोजा.